पुढे गेलेली होडी

१

बोगुशने होडीला दिलेला रंग अख्ख्या कालव्यावर दुसऱ्या कुणाच्या होडीला असणं शक्यच नव्हतं, कारण शहाण्या माणसाने होडीला द्यावा असा तो रंग नव्हता. बालवाडीच्या कुंपणाला लावून उरलेले दोन डबे कुणीतरी त्याला दिले, आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणण्याची बोगुशला सवय नव्हती. होडी वाटाण्याच्या सुपासारखी झाली. त्याची थोरली बहीण इर्मिना दर वर्षी धक्क्यावर येऊन तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, "हिच्यात बसायचं म्हणजे जेवणाच्या ताटात बसल्यासारखं वाटतं मला."

म्हणायची आणि बसायची. चौदा ऑगस्टला सकाळी निघायचं, कालव्याची तीन जलद्वारं, म्हणजे होडी हौदात घेऊन पाण्याबरोबर खाली सोडणारी दारं, उतरायची, संध्याकाळच्या आत स्मोल्ना तळ्यावर पोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी मरियामातेच्या सणाला तळ्याकाठच्या चर्चमध्ये रानफुलांच्या आणि औषधी पाल्याच्या जुड्यांवर आशीर्वाद घ्यायचा, हा त्या घराचा नेम होता. जुडी इर्मिनाने बांधायची, होडी बोगुशने हाकायची आणि बाकी सगळं बोगुशच्या बायकोने, लुडविकाने करायचं.

यंदा बाकीच्या सगळ्यात नवा दोरही होता. लुडविका तंबू शिवायच्या कारखान्यात कामाला होती. दोराचं टोक उसवू नये म्हणून तिने ते लाल दोऱ्याने घट्ट शिवून घेतलं होतं. दोरा ऐन वेळी संपला, म्हणून शेवटचे तीन वेढे पिवळे आले. बोगुशने ते पाहून "वा, फॅशन!" म्हटलं होतं.

आणि होडीत इगा होती. सहा वर्षांची. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली. त्या आठ वर्षांत लुडविकाने किती मेणबत्त्या लावल्या आणि किती डॉक्टर पालथे घातले ते तिचं तिलाच ठाऊक. आता पोर होडीच्या काठाशी गेली की हिचा जीव टांगणीला लागायचा. "बाई गं, श्वास घेऊ दे तिला," असं इर्मिना म्हणायची. पण इगाच्या तरंगायच्या जॅकेटच्या गाठी तीन-तीनदा तपासायची तीही.

पहिल्या जलद्वाराशी होडी आली तेव्हा दहा वाजले होते. राखणदार म्हातारा होता, दर वर्षीचाच. तो दार चालवायचा दांडा हातात धरून उभा राहिला आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"काय हो, काही विसरलात का?"

"का? काय झालं?" बोगुशने विचारलं.

"आत्ता तर उतरवलं तुम्हाला. तास पण नसेल झाला. परत वर आलात कधी?"

बोगुश खो खो हसला. "काका, सकाळी सकाळीच सुरू केलीत का?"

म्हाताऱ्याला राग आला. "मी प्यायलेलो नाही. हीच होडी. असला रंग दुसऱ्या कुणाला सुचेल? तुम्ही चौघंच होतात. ही पोर इथं पुढं बसली होती आणि बेरी खाऊन तोंड निळं करून घेतलं होतं तिनं."

सगळ्यांनी इगाकडे पाहिलं. इगाचं तोंड स्वच्छ होतं. घरून निघताना लुडविकाने स्वतःच्या हाताने धुतलेलं.

"बघा," बोगुश म्हणाला, "गोरीपान आहे माझी लेक." आणि दोर खुंटाला टाकून सवयीने गाठ मारायला लागला.

"अरे, गाठ नको!" लुडविकाने त्याच्या हातावर चापट मारली. "पाणी खाली जाणार आहे, गाठीला होडी लटकेल. नुसता वेढा घे आणि सोडत राहा."

"तळ्यावरचा हात आहे गं. खुंट दिसला की आपोआप गाठ मारतो."

"जित्याची खोड," इर्मिनाने ती म्हण तिथंच सोडली. हौदातलं पाणी उतरायला लागलं, ओल्या भिंती दोन्ही बाजूंनी वर गेल्या, आणि म्हातारा वरून वाकून त्यांच्याकडे बघत राहिला. लोखंडी दारं उघडली तरी तो बघतच होता.

२

पहिल्या दारापासून दुसऱ्यापर्यंत कालवा पाइनच्या रानातून जातो. पाण्यावर ऊन होतं, इंजिन एका सुरात चाललं होतं, आणि बोगुश मागे बसून शीळ घालत होता. घाबरण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. लुडविकाने स्वतःला तेच समजावलं. म्हाताऱ्याचे डोळे गेले असतील. शेजारच्या गावात कुणी तसलाच रंग लावला असेल. त्या बालवाडीकडे दोनच डबे उरले होते कशावरून?

"आता डोळे मिटा सगळे," इर्मिना म्हणाली. तिने बाकाखालून एक पत्र्याचा डबा काढला. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काल रात्री अकरा वाजेपर्यंत भट्टीपुढे उभी होते."

डब्यात गोड पाव होते. इगाने पहिला पाव दोन्ही हातांनी फोडला आणि आतून गडद निळा रस तिच्या बोटांवर आला. इर्मिनाने रानातल्या बेरी भरल्या होत्या. पोरीने एक खाल्ला, दुसरा घेतला, आणि आईकडे वळून हसली तेव्हा तिचे ओठ, दात, हनुवटी सगळं निळं झालं होतं.

लुडविकाने उचललेला पाव परत डब्यात ठेवला.

"काय गं? नाही आवडलं का?" इर्मिनाने विचारलं.

"ताई, या डब्यात काय आहे ते तुम्ही खरंच कुणाला सांगितलं नव्हतं?"

"कुणाला सांगणार? मांजराला?"

लुडविका रुमाल ओला करून इगाचं तोंड पुसायला लागली. जोरात पुसत होती. इगा कुरकुरली. ऑगस्टात या मुलखातल्या कुठल्या पोराचं तोंड निळं नसतं? म्हाताऱ्याने अंदाज बांधला, एवढंच. असं मनाशी म्हणत ती पुसत राहिली, आणि डाग काही जाईना.

"अगं सोड तिला," बोगुश मागून ओरडला. "कातडं काढशील पोरीचं!"

३

दुसऱ्या दारावर एक बाई राखण करायची. रुंद खांद्याची, हसतमुख. आज ती हसली नाही. तिच्या हातात सुपली होती आणि सुपलीत काचा होत्या.

"तुम्हीच का?" ती म्हणाली. "तुम्ही तर मघाशी गेलात."

या वेळी बोगुशनेही विनोद केला नाही. "आमच्यासारखी दुसरी होडी आहे वाटतं," तो म्हणाला.

"असेल बाई. पण लोकं पण तुमच्यासारखीच? या बाईंच्या हातनं चहाचा पेला पडला," तिने इर्मिनाकडे बोट दाखवलं, "इथंच, धक्क्यावर. काचा मीच भरल्या. पोरीच्या पायाला लागतील म्हणून."

सुपलीत जाड काचेचे तुकडे होते, आणि त्यांच्यात चहाच्या पेल्याची पत्र्याची मूठ. एका बाजूने चेपलेली. इर्मिनाच्या थर्मासच्या पिशवीत तशीच मूठ होती, तशीच चेपलेली, कारण ती चाळीस वर्षांपूर्वी तिच्या आईच्या हातून जिन्यावर पडली होती.

इर्मिनाने पिशवीत हात घातला. पेला होता. अखंड. तिने तो बाहेर काढला, उन्हात धरला आणि जरा विजयाने म्हणाली, "हा बघा. माझा पेला माझ्याकडे आहे." मग कुणी काही म्हणायच्या आत तो तिच्या बेरीने चिकट झालेल्या बोटांतून निसटला आणि धक्क्याच्या दगडावर पडला.

इगाने खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "आत्या, तू रडतेयस का?"

"नाही गं राजा. पेला आईचा होता ना, म्हणून."

राखणदारीण खाली बसली आणि त्याच सुपलीत या काचाही भरू लागली. लुडविका तिच्यापाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्या होडीत किती जण होते?"

"चौघं."

"मुलगी होती? नक्की?"

"होती हो. हात हलवला तिनं मला."

लुडविकाला एवढं हायसं वाटलं की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. मुलगी होती ना? मग झालं. पण राखणदारीण उठली, खोलीत गेली आणि पुढच्या दारावर फोन लावला. एक होडी सोडली की पुढच्याला कळवायचं, ही तिथली पद्धत. कानाशी फोन धरून ती वाट बघत उभी असलेली खिडकीतून सगळ्यांना दिसत होती. ती बाहेर आली. "उचलत नाही," ती म्हणाली. "असं कधी होत नाही. फोनच्या शेजारीच बसलेला असतो तो."

लुडविकाने नवऱ्याचा हात धरला. "बोगुश, परत जाऊ या."

"आणि काय सांगायचं घरी? पेला फुटला म्हणून परत आलो?"

"काहीही सांग."

"अगं, पुढे तुझी जुळी बहीण चालली असेल तर भेटू तरी तिला." त्याने हसायचा प्रयत्न केला, पण त्याचं त्यालाच ते जमलं नाही. "परत जायचं तर पहिलं दार चढावं लागेल, आणि दुपारनंतर होड्या वर चढवत नाहीत. पुढे हे धरून दोनच दारं उरलीत. उतरलो की तळं."

हिशोब बरोबर होता. त्याचे हिशोब नेहमी बरोबरच असत, आणि म्हणूनच लुडविकाला त्याच्याशी भांडता येत नसे. ती इगाला मांडीवर घेऊन बसली आणि तिने तिच्या कमरेभोवती दोन्ही हातांची मिठी घातली. दुसऱ्या दारापासून तिसऱ्यापर्यंत तिने ती सोडली नाही. इगा तिला गाणं म्हणून दाखवत होती. लुडविकाला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही.

४

तिसरं दार सगळ्यांत खोल. तिथं होडी चार मीटर खाली जाते.

राखणदार बाकावर बसला होता. तरणाबांड माणूस, पण बसला होता म्हाताऱ्यासारखा. त्याचे कपडे छातीपर्यंत ओले होते आणि बुटांखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. होडी हौदात शिरली तरी तो उठला नाही. मग त्याला इगा दिसली.

तो ताडकन उभा राहिला. त्याने छातीवर क्रूस काढला.

"काय झालंय इथं?" बोगुशने विचारलं. "तुम्ही पाण्यात पडलात की काय?"

"मला काही विचारू नका," तो म्हणाला. "कृपा करा, मला काही विचारू नका." तो इगाकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "या खेपेला पोरीला वर ठेवा. एवढंच करा."

लुडविकाने खुंटाकडे पाहिलं. खुंटावर दोराचा हातभर तुकडा होता. गाठ मारलेला, गच्च आवळलेला, खाली पाणी ठिबकत असलेला. एका बाजूने सुरीने कापलेला. दुसऱ्या बाजूचं टोक लाल दोऱ्याने शिवलेलं होतं, आणि शेवटचे तीन वेढे पिवळे होते.

तिने पायाशी पडलेला दोर उचलला. लाल दोरा. तीन पिवळे वेढे. तिचा दोर अखंड होता, कोरडा होता, आणि तिच्याच हातात होता.

हा टाका तिचा होता. कारखान्यात शंभर बायकांच्या शिवणीतून तिने आपली शिवण ओळखली असती. डोकं सांगत होतं की असं होत नसतं, आणि डोक्याचं तिने आजवर ऐकलं होतं. आता ऐकलं नाही. तिने इगाला उचललं, काठावर चढली आणि चालायला लागली. खुंटापासून दूर, पाण्यापासून दूर, राखणदाराच्या कोबीच्या वाफ्यापर्यंत. तिथं मातीत बसली आणि पोरीला पोटाशी धरलं. मागून इर्मिनाही आली.

बोगुशने तो तुकडा पाहिला होता. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. पण बोगुश असा माणूस होता की भीती वाटली की त्याला काहीतरी काम हवं. "होडी खाली घेतली पाहिजे," तो म्हणाला. "मी एकटाच घेतो. तुम्ही पायऱ्यांनी खाली या."

"बोगुश, राहू दे होडी!"

"दोर सोडत राहीन गं. मला कळतं."

राखणदाराने दांडा फिरवला. पाणी उतरू लागलं. बोगुशने वेढा घेतला होता, आणि पहिला हात-दोन हात दोर त्याने नीट सोडला, हे राखणदाराने नंतर शपथेवर सांगितलं. मग इंजिन खोकलं आणि बंद पडायला आलं. तो मागे वळला. एकच मिनिट. वळता वळता त्याच्या हाताने जे करायचं ते केलं. तीस वर्षं तळ्यावर करत आलेला तो हात.

वाफ्यातून लुडविकाला दिसलं नाही, ऐकू आलं. आधी दोर करकरला. मग लाकूड. मग सगळं सामान एकदम घसरत गेल्याचा आवाज, डबा, पिशव्या, बाकावरच्या उशा. "बंद कर! पाणी बंद कर!" बोगुश ओरडत होता. मग एक थप्प, आणि काठावर पाण्याचा फवारा.

ती धावली. इगाला इर्मिनाकडे फेकलंच म्हणायचं. होडी खाली सरळ झाली होती आणि बोगुश तिच्यात चारी हातापायांवर होता. हातात सुरी होती. होडीचा पुढचा भाग, इगा बसायची ती जागा, धुऊन पुसून रिकामी झाली होती. तिची उशी खालच्या दाराच्या फटीकडे ओढली जात होती. फटीपाशी ती उभी राहिली, गोल फिरली आणि आत गेली. पुन्हा वर आली नाही.

बोगुशने ती उशी जाताना पाहिली. मग त्याने वर बघितलं. "कुठंय ती?" त्याने विचारलं.

"वर आहे. ताईंकडे आहे."

"दाखव मला."

इर्मिनाने इगाला काठावर आणलं. बोगुश खाली, त्या ओल्या भिंतींच्या तळाशी, लहान पोरासारखा रडला. "गाठ मी मारली," तो म्हणत होता. "लुडका, मीच मारली गाठ."

खुंटावर आता दोन तुकडे होते. एकाशेजारी एक. त्यांच्याकडे पुन्हा बघायला कुणीच तयार नव्हतं. राखणदाराने लुडविकाच्या खांद्यावर खोलीतून आणलेलं आपलं कोरडं जाकीट टाकलं आणि इगाला एक सफरचंद दिलं. दिल्यावर त्याने तिच्या केसांना नुसता बोटाने स्पर्श केला, खरी आहे की नाही ते बघावं तसा.

५

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं, पण उजेड भरपूर होता. पलीकडच्या काठावर चर्चचा पांढरा मनोरा दिसत होता. तिथं उद्याच्या सणासाठी माणसं जमत असणार. इर्मिनाची जुडी गेली होती, सॉसेज गेलं होतं, पाव गेले होते. "मी काठावरून दुसरी जुडी बांधीन," इर्मिना म्हणाली. "देव काय पाला मोजत बसतोय?" आणि ती हसली. मग सगळेच हसले, फार वेळ आणि फार जोरात. जीव वाचल्यावर माणसं हसतात तसं.

हसताना बोगुश मध्येच थांबला. त्याने इंजिन हळू केलं.

तळ्याच्या मध्यावर एक होडी उभी होती. वाटाण्याच्या सुपासारखी हिरवी. तिचं इंजिन बंद होतं आणि ती नुसती पाण्यावर डुलत होती. मागे एक पुरुष बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. मध्ये एक जाडशी बाई बाकावर आडवी झाली होती. पुढची जागा रिकामी होती.

आणि एक बाई उभी होती. तिचे केस गळ्याला चिकटले होते. कपडे ओले होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

"लव्हाळ्याच्या बाजूने घेतो," बोगुश दबक्या आवाजात म्हणाला. "लांबून जाऊ." इर्मिनाने जपमाळ काढली आणि पुटपुटायला सुरुवात केली. लुडविकाने काही विचार न करता इगाला जाकिटात ओढलं आणि तिचा चेहरा झाकला. दिसू द्यायची नाही. त्या बाईच्या नजरेला पडू द्यायची नाही. ती बाई काय मागेल, काय ओढून नेईल, कुणाला माहीत?

होडी लव्हाळ्याच्या कडेने सरकत राहिली. उभी बाई हलली नाही. तिने हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. फक्त त्यांच्या होडीच्या पुढच्या भागाकडे बघत राहिली. रिकाम्या जागेकडे. तिथं इगा नव्हती, कारण इगा जाकिटात होती.

लुडविकाने तो चेहरा पाहिला. रोज सकाळी आरशात पाहत आलेला चेहरा. आठ वर्षं मेणबत्त्या लावलेली ती बाई होती. हिनेही सकाळी एक लहान तोंड धुतलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, या खेपेला पोरीला वर ठेवा म्हणून. तिच्या पुढे कुणी होडी गेलीच नव्हती.

"इंजिन बंद कर," लुडविका म्हणाली.

"काय? वेडी झालीस का?"

"बोगुश, बंद कर."

त्याने बंद केलं. लुडविकाने जाकीट उघडलं. ती उठली, होडीच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली आणि लेकीला काखांत धरून डोक्याच्या वर उचललं. निळ्या तोंडाची, कॉर्कचं जॅकेट घातलेली, हातात अर्धं सफरचंद असलेली पोर, सगळ्या उजेडात.

"आई, ती कोण आहे?"

"एक आई आहे. तिला हात हलव."

इगाने हात हलवला. पलीकडच्या बाईने दोन्ही हात तोंडावर नेले. हळूहळू खाली बसली. तिने पुरुषाच्या पाठीवर हात ठेवला, त्याला हलवलं, आणि इकडे बोट दाखवलं. त्यानेही डोकं वर केलं.

लुडविकाचे दंड भरून आले होते. सहा वर्षांची पोर काही हलकी नसते. बोगुश उठून तिच्यामागे उभा राहिला आणि त्याने खालून आपलेही हात लावले.

"आई, माझा हात दुखला," इगा म्हणाली.

"अजून जरा, राणी," लुडविका म्हणाली. "ते बघतायत तोवर हलव."